परत न आलेली माणसं

देवखैरीच्या रुग्णालयात पाऊल टाकलं की आधी नकाशा दिसायचा, मग माणसं. समोरची अख्खी भिंत अडवून बसलेला जगाचा जिवंत नकाशा होता तो. जिथे जिथे हाडांच्या शस्त्रक्रियेवर संशोधन झालं आणि छापून आलं, तिथे तिथे एक पिवळा ठिपका. युरोपचा पश्चिमेकडचा कोपरा, अमेरिकेचा पूर्व किनारा, जपान, कोरिया हे भाग हळदीचा डबा उपडा झाल्यासारखे पिवळे. आपल्याकडे चार-सहा मोठ्या शहरांवर शिंतोडे उडालेले. आणि मध्य भारताच्या भल्यामोठ्या पांढऱ्या पट्ट्यात, जंगल आणि तलावांच्या त्या मुलखात, एकच ठिपका चमकत होता. तो देवखैरीचा. गावाला त्याचं कोण कौतुक! नवी सून गावात आली की तिला आधी देवीला नेत, मग या नकाशापुढे उभं करून फोटो काढत.

हा ठिपका डॉ. दिवाकर अंजनकरांनी कमावलेला. चौदा वर्षांपूर्वी त्यांनी सिकलसेलच्या रुग्णांचे खुबे बदलले आणि त्यावर एक लेख लिहिला. या मुलखात सिकलसेल घरोघरी. रक्तातल्या गोल पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांत अडकून बसतात आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला रक्तच पोचत नाही. पंचविशीतल्या पोराचा खुबा आतून मरत जातो. अंजनकर सरांनी अशा पंचेचाळीस जणांच्या खुब्यात धातूची वाटी बसवली आणि लिहिलं की त्यांतले चाळीस उत्तम आहेत. या पट्ट्यातून त्या विषयावर दुसऱ्या कोणी एक ओळही लिहिली नव्हती.

आता लेखाचं काय एवढं, असं कोणी म्हणेल. पण मधल्या काळात ‘सांधेमित्र’ आला होता. नाव सरकारी असलं तरी यंत्र अतिशय हुशार. जगातलं हाडांवरचं सगळं संशोधन त्याने वाचलेलं. एकाच जातीचा सांधा सगळ्या जगाला चालत नाही, हे शास्त्रज्ञांना जरा उशिराच उमगलं होतं. खुर्चीवर बसणाऱ्याचा खुबा वेगळा झिजतो. उकिडवं बसणाऱ्याचा, मांडी घालणाऱ्याचा, डोक्यावर मोळी वाहणाऱ्याचा वेगळा. म्हणून सांधेमित्र रुग्णाच्या मुलखातल्या पुराव्याला सर्वांत जास्त वजन द्यायचा, लांबच्याला कमी. कल्पना सोन्यासारखी होती. अडचण एवढीच की जिथे शेकडो ठिपके, तिथे एखादा चुकला तर बाकीचे त्याला सावरून घेत. जिथे एकच, तिथे तोच खरा. तालुक्यात पाऊस मोजायचं एकच भांडं असलं की सगळ्या तालुक्याचा पाऊस त्या भांड्यावरून धरतात, तसा देवखैरीचा ठिपका आजूबाजूच्या पाच जिल्ह्यांवर पसरला होता.

आणि त्याच्या जोडीला कायदा होता. ज्या जिल्ह्याबाबत सांधेमित्राचा भरवसा साठ टक्क्यांच्या खाली, तो जिल्हा ‘पांढरा’. पांढऱ्या जिल्ह्यात सांधा बदलायचा नाही; रुग्णाने लांबच्या शहरात जायचं आणि तिथे दोन-दोन वर्षं रांगेत थांबायचं. अंजनकर सरांच्या एका ठिपक्याने पाच जिल्ह्यांची ही फरफट वाचवली होती. लोक त्यांना उगाच देव मानत नव्हते.

त्यांची विद्यार्थिनी डॉ. मृणाल फुलझेले आता रुग्णालयात त्यांच्या जागी होती. त्या दिवशी ती पडद्यासमोर उभी राहून दुसऱ्या दिवशीच्या शस्त्रक्रियेचा आराखडा पाहत होती. रुग्ण करिश्मा उसेंडी, झाडीपट्टीच्या नाटकांतली नटी. दिवाळीनंतर धानकापणी आटोपली की या मुलखात गावोगाव रात्ररात्र नाटकं होतात आणि करिश्माच्या नाचावर मंडप डोक्यावर घेतला जातो. वय एकोणतीस, उजवा खुबा ढासळायला लागलेला. आराखड्याखाली सांधेमित्राने लिहिलं होतं: भरवसा, एक्क्याण्णव टक्के. तिच्या मापाची वाटी छापून, सीलबंद होऊन आली होती.

“मॅडम, सही कराले मामा पायजे म्हनते सिस्टर,” करिश्मा कुबडीवर टेकून म्हणाली. “पन थो आत नाही येत.”

“का?”

“लाजते.”

मृणाल स्वतःच बाहेर गेली. करिश्माचे मामा सोमाजी कुमरे रुग्णवाहिकेच्या आडोशाला उभे होते. तेवढ्यात फाटकातून अंजनकर सरांची गाडी आत आली. आठवड्यातून दोनदा ते जुने रुग्ण पाहायला येत. गाडी दिसताच सोमाजी गडबडीने रुग्णवाहिकेच्या पलीकडे सरकले. चारच पावलं टाकली असतील, पण हाडांच्या डॉक्टरला माणूस चालताना दिसला की पुरतं. उजवा पाय दोन बोटं तरी आखूड होता आणि प्रत्येक पावलाला सगळं अंग त्या बाजूला कोसळत होतं.

“तुमचा खुबा कोणी केला?” मृणालने विचारलं.

“कोनी नाही जी. जन्मापासून हाये.”

“खोटं कायले बोलतं मामा?” करिश्मा मागून आली होती. “अंजनकर सरांनी केला ना.”

सोमाजींनी दोन्ही हातांनी तिला गप्प राहायची खूण केली. सर आत गेले आहेत ना, हे आधी वाकून पाहिलं.

मृणालने त्यांना मागच्या दाराने एक्स-रेच्या खोलीत नेलं. पडद्यावर चित्र उमटलं तशी ती आणखी जवळ सरकली. वाटी जागेवर नव्हतीच. सुटून, तिरकी होऊन ती वरच्या हाडात घुसली होती. सिकलसेलचं हाड कुठे दगडासारखं तर कुठे भुसभुशीत. नुसती ठोकून बसवलेली वाटी उकिडवं बसण्याच्या ताणाने भुसभुशीत बाजूने निसटली होती. उद्या करिश्माच्या खुब्यात जायची होती ती वाटी अगदी याच जातीची.

“केव्हापासून दुखतंय?”

“दुसऱ्या वर्षापासून असंल.”

“मग इतकी वर्षं दाखवायला का आला नाहीत?”

सोमाजी फरशीकडे बघत राहिले. “कसा येऊ जी? सरांनी सोताचं रक्त देल्लं मले. साऱ्यायचे पाय नीट झाले, माहाच बिघडला. मीच कुठं वाकडा-तिकडा बसलो असन. सरांना कोनतं तोंड दाखवू?”

“सगळ्यांचे नीट झाले, हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“सारा गाव सांगते. थो दिवा लागला हाये ना भिंतीवर.”

मृणाल स्टुलावर बसली. ‘जो परत येत नाही, तो बरा.’ सर हे ओपीडीत नेहमी म्हणत. सरच कशाला, या भागातला प्रत्येक डॉक्टर म्हणतो. दुखलं असतं तर आला असता, इतका साधा हिशोब. यात लबाडी नव्हती. सरांचा आपल्या हातावर आणि आपल्या माणसांवर तसा विश्वासच होता. लेखातल्या त्या चाळीस उत्तम रुग्णांतले निम्म्याहून जास्त पुन्हा कधी दिसलेच नव्हते. तक्ता मृणालनेच टाइप केला होता. ती तेव्हा शिकत होती आणि तिलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

“सोमाजी, असे आणखी कोण आहेत, माहीत आहे तुम्हाला?”

“आहेत ना जी. आमी एकमेकाले बरोबर ओळखतो. चालन्यावरून.”

दुपारची ओपीडी तिने पुढे ढकलली आणि लेखातल्या रुग्णांची जुनी यादी घेऊन, सोमाजींना जीपमध्ये घालून निघाली. पहिल्या गावात एक बाई मॅडम आल्याचं कळताच लंगडत घरात शिरली आणि दाराआडून म्हणाली, ती माहेरी गेली आहे. दुसरीकडे सुनेने खुर्ची आणली, तीही सासऱ्यासाठी. त्याला तीन वर्षांत जमिनीवर बसता आलं नव्हतं. एक जण मात्र खरंच ठणठणीत निघाला, सायकलवरून उतरून हसत समोर आला. मृणालला इतका आनंद झाला की तिने त्याचे हातच धरले. त्यानंतरच्या घरी पुन्हा तेच. एवढा पाय दुखत असताना गप्प का बसलात, हे तिने प्रत्येकाला विचारलं आणि प्रत्येकाने वेगळ्या शब्दांत एकच सांगितलं. सरांना वाईट वाटलं असतं.

आठ घरं झाली तेव्हा दिवस कलला होता. आठांत दोघे बरे होते.

रुग्णालयात परतल्यावर तिने सांधेमित्राला आराखडा बदलायला सांगितलं. स्क्रूने आवळलेली, खोल वाटी हवी. यंत्राने नम्रपणे विचारलं, या भागातला विरुद्ध पुरावा आहे का? तिने आठ जणांची माहिती भरली, पण शेवटची कळ दाबली नाही. आधी परिणाम काय होईल ते दाखव म्हणाली. पडद्यावर उत्तर आलं. मूळ लेखाची विश्वासार्हता रद्द होईल. भरवसा एकतीस टक्के. पाच जिल्हे पांढरे. नव्या वाटीसाठी पुरावा अपुरा. उद्याची शस्त्रक्रिया रद्द.

म्हणजे खरं सांगितलं तर करिश्माचा खुबा होणार नाही. खोट्यावर गप्प राहिलं तर होईल, पण सोमाजींसारखा. हळूच हाताने वेगळी वाटी बसवावी म्हटलं तर तेही शक्य नव्हतं. शस्त्रक्रियागृहातला यांत्रिक हात मंजूर आराखड्याच्या बाहेर केसभर हलत नसे आणि सीलबंद वाटीशिवाय दुसरी त्याला चालत नसे. मृणालने पडदा तसाच ठेवला आणि सोमाजींना म्हणाली, “चला, सरांकडे जायचंय.”

सोमाजींचा चेहरा पडला, पण ते आले.

निवृत्त झाल्यापासून सरांना सुतारकामाचा नाद लागला होता. अंगणात दिव्याखाली ते लहान मुलांसाठी लाकडी पांगुळगाडा करत होते. मृणालला पाहून रंधा थांबवत म्हणाले, “ये. उद्याची तयारी झाली?”

“सर, एकांना घेऊन आलेय.”

सोमाजी चपला काढून आत आले. पाया पडायला वाकायला गेले, पण खुबा वाकेना. तसेच अर्धवट वाकून, हात जोडून म्हणाले, “सर, माफ करा जी. तुमचं काम मले सांभाळता नाही आलं.”

सर त्यांच्या पायाकडे बघत राहिले. मग मृणालकडे वळून म्हणाले, “एखादा बिघडतोच. प्रत्येक सर्जनचा बिघडतो.”

“एखादा नाही सर. आज आठ घरं फिरले. सहा बिघडलेत. आणि कोणी तुमच्याकडे आलं नाही, कारण तुम्हाला वाईट वाटेल.”

“तू मला शिकवायला आलीस?” सरांचा आवाज चढला. “तक्ता तू टाइप केला होतास.”

“हो सर. मीच केला होता.”

या उत्तराने त्यांचा राग अडखळला. रंधा खाली ठेवून ते बाकावर बसले. “माझं नाव जाऊ दे खड्ड्यात. पण तो ठिपका विझला तर काय होईल, विचार केलास? पाच जिल्हे. लोक दोन वर्षं रांगेत थांबतील की घरीच झिजतील? घरीच झिजतील. आपल्या माणसांना तू ओळखत नाहीस का?”

“ओळखत नव्हते सर. आज ओळखलं.”

सरांनी मांडीवरचा भुसा झटकला. मग सर हळू आवाजात म्हणाले, “उद्याचं होऊन जाऊ दे. माहिती परवा भर.”

“ती वाटी तिच्या खुब्यात बसवून?”

सर बाकावरून उठले. “तुझी रुग्ण आहे,” एवढं म्हणून त्यांनी पुन्हा रंधा उचलला. सोमाजी हात जोडून तसेच उभे होते. त्यांना माफ केलं की नाही, हे कोणी सांगतच नव्हतं. अखेर मृणालने त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं. तिला रडू येत होतं, आणि ते सरांसाठी की सोमाजींसाठी हे तिचं तिलाही कळत नव्हतं.

वॉर्डात करिश्मा पलंगावर बसून नव्या नाटकातले संवाद पुटपुटत होती. मृणालने तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. मामाच्या वाटीचं, आठ घरांचं, पडद्यावरच्या त्या उत्तराचं.

“म्हंजे माहं मामासारखं होनार?”

“होईलच असं नाही. पण मला भरवसा राहिला नाही.”

“आन नाही केलं तर?”

“गोळा ढासळतोय. सहा-आठ महिने फार तर. त्यानंतर चांगली वाटी मिळाली तरी धरून ठेवायला हाड उरणार नाही.”

करिश्माचा चेहरा लालबुंद झाला. “परवा तर तुमी म्हनत होत्या, सीझनभर नाचशील! आन आता मले विचारून रायल्या? डॉक्टर तुमी का मी?”

“परवा मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे आणि तुला न सांगता मी तुला टेबलावर घेऊ शकत नाही.”

करिश्मा भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मृणाल उठली नाही. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी कुशीवर वळून बघत होती.

“मामाले रोज सकाळी घरचे दोघं जनं धरून आंघोळीच्या पाटावर बसवते,” करिश्मा भिंतीशीच बोलल्यासारखी म्हणाली. “थो तेवढा वेळ डोळे मिटून घेते, लाजेनं.” मग ती उठून बसली. “नका बसवू मले ती. पन एक आयका मॅडम. नुसतं विझवून नका बसू. कोनती बसंल ते शोधा, आन लवकर शोधा. माह्यापाशी टाइम नाही.”

मृणालने खाली येऊन कळ दाबली. भिंतीवरचा ठिपका आधी राखाडी झाला, मग आजूबाजूच्या पांढऱ्यात मिसळून गेला. रात्रपाळीचा वॉचमन नकाशाकडे बघून म्हणाला, “मॅडम, बल्ब गेला वाटते.”

सकाळी फाटकावर गर्दी जमली. पाच जिल्ह्यांतल्या शस्त्रक्रिया एका फटक्यात थांबल्या होत्या. मॅडमनं गावाचा दिवा विझवला, गुरूचं नाव मातीत घातलं, असं लोक तोंडावर बोलत होते. कोणी तिच्या घराच्या दाराला शेण फासलं. सरांनी रुग्णालयात येणं बंद केलं.

सांधेमित्राच्या तज्ज्ञ मंडळाने मात्र एक वाट ठेवली होती. गेल्या चार वर्षांत त्या एका ठिपक्याच्या भरवशावर पाच जिल्ह्यांत तीनेकशे लोकांच्या खुब्यात तसलीच वाटी बसवली गेली होती. ते आणि सरांचे जुने रुग्ण मिळून निदान चाळीस जण पुन्हा तपासून दाखवा. कोणाची टिकली, कोणाची हलली, कोणत्या बाजूने हलली, हे समजलं की यंत्र या मुलखाच्या हाडाला धरणारी नवी वाटी आखू शकेल आणि पट्टा पुन्हा खुला होईल. ऐकायला सोपं होतं. मृणाल सुट्टीच्या दिवशी जीप घेऊन गावोगाव फिरू लागली. पण आता तर ती सरांचा दिवा विझवणारी बाई होती. दारं बंद व्हायची. आपला पाय दाखवणं म्हणजे सरांविरुद्ध साक्ष देणं, असं लोकांनी ठरवून टाकलं होतं. दिवाळी उलटली तरी तिच्याकडे चौदाच जण जमले होते, त्यांतही सोमाजी आणि त्यांचे सोबती अर्धे. करिश्मा एका कुबडीवरून दोन कुबड्यांवर आली होती. प्रत्येक एक्स-रेत गोळा थोडा आणखी बसलेला दिसे आणि मृणाल ते तिच्यापासून लपवत नसे.

मग देवखैरीचं नाटक आलं. करिश्माची भूमिका दुसऱ्या मुलीला गेली होती; कंपनीने तिला माइकवर घोषणा करायचं काम दिलं होतं. दरवर्षीप्रमाणे उद्घाटनाला अंजनकर सरांना बोलावलं होतं. ते येतील असं कोणाला वाटत नव्हतं, पण आले. नारळ फोडला, शाल घेतली आणि स्टेजवरच्या खुर्चीत खाली बघत बसून राहिले. मंडप तुडुंब भरला होता. मृणाल कडेला, बायकांच्या बाजूला उभी होती. तिच्याशेजारची जागा लोकांनी मोकळी ठेवली होती.

करिश्मा माइकपाशी आली. ठरलेली घोषणा तिने केलीच नाही.

“मायबापहो, मी यंदा नाचनार नाही. माहा खुबा सडून रायला. नवीन वाटी बसू शकते, पन तुमच्यातल्या काही लोकायनं मदत केली तरच. ज्यायच्या खुब्यात वाटी बसवली आन जे लोक पुन्हा दवाखान्यात गेले नाही, त्यायनं जागेवर उभं राहा. बस, एवढंच मांगते.”

मंडपात कोणी हललं नाही. लोक स्टेजवरच्या सरांकडे बघत, मग माना खाली घालत. करिश्मा माइक धरून उभीच होती आणि तिच्या पायाला कंप सुटलेला लांबूनही दिसत होता.

सर उठले. त्यांनी करिश्माला आपल्या खुर्चीत बसवलं आणि माइक हातात घेतला. मृणालला वाटलं, आता सगळं संपलं.

“तुम्ही परत आला नाहीत,” सर म्हणाले, “आणि मी समजलो की मी फार मोठा सर्जन आहे.” त्यांचा आवाज फाटला. “माफी मला सोमाजीने मागितली. खरं तर ती मी मागायला हवी होती. मृणालने दिवा विझवला ते बरोबर केलं. मी केलं असतं तर मला जास्त शोभलं असतं. आता माझी लाज राखायची असेल तर एकच करा. उभे राहा.”

पहिले सोमाजी उठले, बाजूच्याच्या खांद्याला धरून. मग पुरुषांच्या रांगांत मागे कोणीतरी. मग एकदम तिघं. त्यांना उठायला वेळ लागत होता. कोणी जमिनीवर हात टेकून, कोणी शेजाऱ्याच्या हाताला धरून, कोणी आधी गुडघ्यावर येऊन, दम घेऊन मग. एवढ्या मोठ्या मंडपात कुठेही टाळी पडली नाही. सगळे वळून वळून बघत होते, कारण उठणाऱ्यांत ज्याच्या-त्याच्या ओळखीचं कोणीतरी होतं. मृणालने मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. चाळीस कधीच झाले होते. स्टेजवर करिश्मा ओंजळीत तोंड घालून रडत होती.

आणि तेवढ्यात मृणालच्या अगदी पुढ्यात, बायकांच्या रांगेतली एक मुलगी मंडपाच्या बांबूला धरून उठली. वीस-बावीस वर्षांची. मृणालने तिला लगेच ओळखलं. सांधेमित्र आल्यानंतर मृणालने स्वतः केलेल्या शस्त्रक्रियांपैकी ही एक. बाकी कुणाचं काहीही होवो, आपले रुग्ण बरे आहेत, हे मृणालने आजवर मनातल्या मनात धरून ठेवलं होतं. त्यांच्या दारात जायला तिला सवडच झाली नव्हती.

मुलीने मागे वळून पाहिलं. मृणाल दिसताच ती शरमली आणि घाईने खाली बसायला गेली. तेही तिला धड जमेना.

“मॅडम, मी येनार होती,” ती कशीबशी म्हणाली. “पन तुमी किती मायेनं केलं होतं... तुमाले वाईट वाटंल म्हनून...”

मृणाल तिच्याजवळ जमिनीवर बसली. तिने मुलीचा पाय आपल्या हातात घेतला.

“वाटू दे,” ती म्हणाली. “दाखव, कुठे दुखतं.”